गजकर्णापासून काळ्या बुरशीपर्यंत : शरीराचा पहारा कसा चालतो?

वर्षावास लागला की आपल्या वर्धा जिल्ह्यात दोन कामे एकाच वेळी सुरू होतात. सायंकाळी विहारात ग्रंथवाचन आणि दिवसा वावरात निंदण. कपाशीच्या, सोयाबीनच्या तासांत दिवसभर ओल्या कपड्यांनी वाकून काम करायचे, घरी आल्यावरही ते कपडे लवकर वाळत नाहीत आणि झोपायच्या खोलीच्या भिंतीला ओल चढलेली असते. या दिवसांत आम्ही वस्तीत आरोग्याची माहिती सांगायला गेलो की सभा संपल्यावर बाया एकेक करून बाजूला बोलावतात. कुणाच्या कमरेवर, कुणाच्या जांघेत, कुणाच्या छातीखाली लाल कडेचे गोल चट्टे असतात. हातात मेडिकलमधून आणलेली ट्यूब असते आणि प्रश्न एकच असतो, “ताई, लावलं की जाते, सोडलं की परत येते. हे जात काऊन नाही?”

या प्रश्नाचे खरे उत्तर ट्यूबमध्ये नाही. आपले शरीर बुरशीशी कसे लढते, ते समजले की उत्तर आपोआप सापडते. २०२१ साली ज्या काळ्या बुरशीने महाराष्ट्राला हादरवले, तिचेही उत्तर तिथेच आहे. म्हणून या वेळच्या आरोग्य पानावर आपण हा विषय घेत आहोत.

बुरशी कुठे नसते?

शिळ्या भाकरीवर येते ती बुरशी, ओल्या चामड्याच्या चपलेवर येते ती बुरशी, पावसाळ्यात उगवणारी छत्रीही बुरशीच आणि पाव फुगवणारे यीस्ट हीसुद्धा बुरशीच. शास्त्रज्ञांच्या अंदाजाने जगात बुरशीच्या वीस लाखांहून जास्त जाती आहेत. त्यांतल्या काही शेच जाती माणसाला आजारी पाडू शकतात. बुरशीचे बीजाणू, म्हणजे तिचे डोळ्यांना न दिसणारे बी, हवेत, मातीत, शेणात, कुटारात सगळीकडे असतात. आपण रोज श्वासातून असे असंख्य बीजाणू आत घेतो. तरीही बहुतेकांना काहीच होत नाही, कारण शरीराचा पहारा चालू असतो.

एक गोष्ट इथेच लक्षात घ्यावी. जिवाणूंच्या मानाने बुरशीची पेशी माणसाच्या पेशीच्या बरीच जवळची आहे. त्यामुळे बुरशी मारेल पण माणसाला इजा करणार नाही, असे औषध शोधणे कठीण जाते. जिवाणूंवर औषधांचे अनेक प्रकार आहेत, बुरशीवर मोजकेच आहेत. माणसाला बुरशीच्या आजारापासून वाचवणारी एकही मान्यताप्राप्त लस आजवर आलेली नाही. म्हणून बुरशीच्या बाबतीत शरीराचा स्वतःचा पहारा फार मोलाचा ठरतो.

पहिला पहारा : कातडी, ऊब आणि शेजारी

पहिला पहारा कातडीचा. कातडीचा सर्वांत वरचा थर मेलेल्या पेशींचा असतो. तो कोरडा आणि किंचित आंबट असतो. बुरशीला हवी असते ओल, त्यामुळे धड, कोरड्या कातडीवर तिचा निभाव लागत नाही. म्हणूनच ती जांघ, काख, छातीखालचा भाग आणि पायांच्या बोटांच्या बेचक्या अशा घाम साचणाऱ्या जागा शोधते. चिखलात काम करणाऱ्यांच्या बोटांत चिखल्या होतात त्या अशाच. पाण्याने कातडी पांढरी पडते, फाटते आणि वाट मोकळी होते.

दुसरा पहारा शरीराच्या उबेचा. आपले शरीर साधारण ३७ अंश सेल्सिअस गरम असते. मातीत वाढणाऱ्या बहुतेक बुरशींना ही ऊब सोसत नाही. बेडकांच्या अनेक जाती जगभर एका बुरशीने संपत आल्या, पण गाय, कुत्रा, माणूस अशा उष्ण रक्ताच्या प्राण्यांवर तसे संकट सहसा येत नाही. त्यामागचे एक मोठे कारण ही ऊबच आहे.

तिसरा पहारा आपल्या शेजाऱ्यांचा. तोंडात, आतड्यात, बाईच्या योनिमार्गात कोट्यवधी उपयोगी जिवाणू राहतात. तिथे कँडिडा नावाची बुरशीही थोड्या प्रमाणात असतेच, पण हे जिवाणू तिला माजू देत नाहीत. ताप आला, घसा दुखला म्हणून कुणी मनाने अँटिबायोटिक गोळ्या घेतल्या की हे शेजारीही मरतात आणि कँडिडाला मोकळे रान मिळते. गोळ्यांचा कोर्स झाल्यावर काही बायांना खाज सुटते आणि दह्यासारखे पांढरे जाते, ते बरेचदा यामुळे. यात लाज वाटण्यासारखे काही नाही. हा साधा, बरा होणारा आजार आहे. मात्र तो वारंवार होत असेल तर रक्तातली साखर तपासून घ्यावी.

आतला पहारा : शत्रूला ओळखणाऱ्या पेशी

बुरशी ही भिंत ओलांडून आत आली तर रक्तातल्या पांढऱ्या पेशी पुढे होतात. या पेशी काय करतात, हे जगाला समजण्यात बुरशीचाही मोठा वाटा आहे. १८८४ साली रशियन शास्त्रज्ञ एली मेचनिकॉफ यांनी पाण्यातल्या पिसवांचे निरीक्षण प्रसिद्ध केले. या पिसवांचे शरीर काचेसारखे आरपार दिसते. त्यांच्या पोटातून एका यीस्टचे सुईसारखे बीजाणू शरीरात घुसत होते आणि पिसवांच्या पेशी त्यांना घेरून गिळत होत्या. पेशींनी सगळे बीजाणू गिळले तर पिसू जगे, बीजाणू वरचढ ठरले तर पिसू मरे. या पेशीभक्षणाच्या शोधासाठी मेचनिकॉफ यांना १९०८ चे नोबेल मिळाले.

मग प्रश्न आला, पेशीला कसे कळते की समोर बुरशी आहे? त्याचा एक मोठा धागा १९९६ साली फ्रान्समध्ये ज्यूल हॉफमन यांच्या प्रयोगशाळेत सापडला. फळांवर घोंगावणाऱ्या चिलटांमध्ये ‘टोल’ नावाचा एक जीन असतो. तो बिघडलेला असेल तर चिलटे बुरशीने मरतात, असे त्यांना दिसले. हॉफमन यांनाही २०११ च्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. पुढे माणसातही असे अनेक ओळखणारे रेणू सापडले.

सोप्या शब्दांत सांगायचे तर असे होते. बुरशीच्या पेशीभोवती एक कडक भिंत असते. ती बीटा-ग्लुकन आणि कायटिन अशा पदार्थांची असते. आपल्या पेशींत या भिंती नसतात. पांढऱ्या पेशींवर ‘डेक्टिन-१’सारखे हात असतात. त्या हाताला बीटा-ग्लुकन लागले की पेशीला कळते, हे आपल्या घरचे नाही, आणि ती इतर पेशींना निरोप धाडते. लहान बीजाणू असेल तर न्यूट्रोफिल आणि मॅक्रोफेज या पेशी तो गिळून आतल्या आत तीव्र रसायनांनी मारतात. बुरशीचा धागा लांब असेल आणि गिळता येत नसेल, तर न्यूट्रोफिल स्वतःच्या आतला मसाला जाळ्यासारखा बाहेर फेकते आणि धाग्याला त्यात अडकवते. न्यूट्रोफिल फार दिवस जगत नाहीत. म्हणून हाडातली मज्जा रोज अब्जावधी नव्या तयार करते.

काही पेशी बुरशीचा तुकडा घेऊन लसिकाग्रंथीत, ज्याला आपण अवधाण म्हणतो तिथे जातात आणि टी-पेशींना तो दाखवतात. मदतनीस टी-पेशींचा एक गट मॅक्रोफेजला जोर देतो. दुसरा गट, ज्याला टीएच-१७ म्हणतात, कातडी आणि तोंडाच्या आतल्या पडद्याचा पहारा मजबूत करतो आणि न्यूट्रोफिलना बोलावून घेतो. एचआयव्हीचा विषाणू नेमक्या याच मदतनीस टी-पेशी संपवतो. म्हणून उपचार न घेतलेल्या रुग्णाच्या जिभेवर पांढरा थर चढतो, पुढे क्रिप्टोकॉकस नावाची बुरशी मेंदूच्या आवरणापर्यंत पोचू शकते. सरकारी एआरटी केंद्रात मोफत मिळणाऱ्या गोळ्या रोज घेतल्या तर या पेशी पुन्हा वाढतात आणि पहारा परत उभा राहतो. कुणाच्या तोंडात असा थर वारंवार येत असेल तर कुजबुज करू नका, तपासणीला सोबत जा.

गजकर्णाचे कडे काय सांगते?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. गजकर्ण, नायटा किंवा दाद करणारी बुरशी कातडीच्या मेलेल्या थरातले केराटिन खाऊन जगते. हा थर रक्तवाहिन्यांच्या वर आहे, त्यामुळे पांढऱ्या पेशींना तिथे थेट पोचणे कठीण. मग शरीर दोन गोष्टी करते. खालून दाह पाठवते, म्हणून लाली आणि खाज येते. आणि कातडी नेहमीपेक्षा लवकर झाडू लागते, म्हणजे बुरशी असलेला थरच बाहेर टाकते. आपण ज्याला कोंडा म्हणतो तो हाच. बुरशी मधून बाहेर पसरत जाते. मधला भाग निवळतो आणि जिथे लढाई चालू आहे ती कड लाल, उंच राहते. म्हणून चट्टा गोल कड्यासारखा दिसतो. म्हणजे तुम्हाला त्रास देणारी खाज आणि लाली हा बऱ्याच अंशी तुमच्याच शरीराचा प्रतिकार आहे.

मेडिकलमधली ती ट्यूब इथेच फसवते. अशा अनेक ट्यूबमध्ये बुरशीच्या औषधासोबत स्टेरॉइड मिसळलेले असते. स्टेरॉइड दाह दाबते. दोन दिवसांत खाज थांबते, लाली उतरते आणि बाई म्हणते, औषध लागू पडले. प्रत्यक्षात लढणारा पहारेकरी झोपवला गेलेला असतो आणि बुरशी शांतपणे पसरत असते. ट्यूब थांबवली की पहारेकरी जागा होतो, दाह दुप्पट येतो, आणि आपण पुन्हा तीच ट्यूब आणतो. काही महिन्यांत चट्ट्याचे कडे मोडते, रूप बदलते, कातडी पातळ होते, जांघेत पांढरट भेगा पडतात. डॉक्टरलाही मग रोग ओळखायला वेळ लागतो.

गेल्या दहा-बारा वर्षांत देशभर गजकर्ण हट्टी झाले आहे. नेहमीच्या गोळ्यांना दाद न देणारी एक बुरशी पसरली. तिला २०२० साली ‘ट्रायकोफायटन इंडोटिनी’ असे नाव मिळाले. आपल्या देशाचे नाव त्यात आहे, पण अभिमान वाटावा असे हे नाव नाही. स्टेरॉइड मिसळलेल्या ट्यूब आणि अर्धवट उपचार यांचा यात मोठा हात आहे, असे त्वचारोगतज्ज्ञ सांगतात. २०१८ साली केंद्र सरकारने अशी कातडीवर लावायची अनेक स्टेरॉइडे ‘शेड्यूल एच’मध्ये टाकली. म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. नियम कागदावर आहे. त्याची अंमलबजावणी ग्राहक जागा झाल्याशिवाय होणार नाही.

ट्यूबवरची बारीक अक्षरे वाचायची सवय लावा. क्लोबेटासॉल, बेटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन यांपैकी एक जरी नाव दिसले तर ती ट्यूब गजकर्णावर मनाने लावू नका. अक्षरे इंग्रजीत असतात. घरातल्या शाळकरी मुलीला वाचायला सांगा.

२०२१ : पहारा कसा मोडला?

म्युकरमायकोसिस हा आजार नवा नव्हता. म्युकर गटातली बुरशी मातीत, कुजलेल्या पाल्यात नेहमीच असते. पण कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत तिचे रुग्ण इतके वाढले की मे २०२१ मध्ये केंद्राने राज्यांना हा आजार साथरोग कायद्याखाली नोंदवायला सांगितला. जुलैपर्यंत देशात ४५ हजारांवर रुग्ण आणि ४ हजारांवर मृत्यू नोंदले गेले. सर्वाधिक रुग्ण आपल्या महाराष्ट्रात होते, ९ हजारांवर.

तेच बीजाणू, तीच हवा. मग त्याच वर्षी असे का झाले? कारण एकाच माणसात पहाऱ्याच्या अनेक जागा एकदम रिकाम्या झाल्या. पहिली गोष्ट मधुमेह. साखर फार वाढली की न्यूट्रोफिल सुस्त होतात, त्यांना शत्रूपर्यंत वेळेवर पोचता येत नाही आणि पोचल्या तरी नीट मारता येत नाही. साखर आणखी बिघडून रक्तात आम्ल वाढले तर रक्तात बांधून ठेवलेले लोह सुटे होते. म्युकरला वाढायला लोहच हवे असते. दुसरी गोष्ट स्टेरॉइड. ऑक्सिजन लागणाऱ्या कोरोना रुग्णाला योग्य मात्रेत दिलेल्या स्टेरॉइडने जीव वाचतो, हे सिद्ध झालेले आहे. पण त्या काळात ते गरज नसलेल्यांनाही, जास्त मात्रेत, जास्त दिवस दिले गेले. स्टेरॉइड पांढऱ्या पेशींना दाबते आणि साखरही वाढवते. तिसरी गोष्ट कोरोना स्वतः, त्याने शरीर आधीच खिळखिळे केलेले. अनेकांना तर आपल्याला मधुमेह आहे, हे दवाखान्यात गेल्यावरच कळले.

लोक तिला काळी बुरशी म्हणतात, पण ही बुरशी मुळात काळी नाही. ती रक्तवाहिन्यांत शिरते, तिथे रक्त गोठते, पुढचा मांसाचा भाग रक्ताविना मरतो आणि काळा पडतो. रक्तच पोचत नाही म्हटल्यावर पांढऱ्या पेशीही पोचत नाहीत आणि सलाईनमधून दिलेले औषधही पोचत नाही. म्हणून मेलेला भाग शस्त्रक्रियेने काढावाच लागतो. कुणाचा जबडा गेला, कुणाचा डोळा गेला. हा आजार माणसापासून माणसाला होत नाही. तरी अशा रुग्णांना वस्तीत दूर ठेवले गेले, ही खंत आहे.

औषध होते अ‍ॅम्फोटेरिसिन-बी. मातीतल्या एका जिवाणूपासून १९५० च्या दशकात ते मिळाले. बुरशीच्या आवरणात अर्गोस्टेरॉल नावाचा पदार्थ असतो, त्याला ते भोके पाडते. त्या मे महिन्यात हे इंजेक्शन देशभर मिळेनासे झाले. महिनाअखेरीस आपल्या वर्ध्याच्या जेनेटिक लाइफ सायन्सेस कंपनीत त्याचे उत्पादन सुरू झाले. बाजारात सात हजारांच्या घरात असलेले इंजेक्शन बाराशे रुपयांत देण्याचे तेव्हा जाहीर झाले. राज्य सरकारने महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत या आजाराचा उपचारही घेतला. औषध आपल्या जिल्ह्यात तयार झाले, ही चांगलीच गोष्ट. पण इंजेक्शनची पाळी येऊ न देणारी गोष्ट, वेळेवर साखर तपासणे, ती फार स्वस्त आहे आणि ती अजूनही आपल्या वस्त्यांत पुरेशी होत नाही.

हा ‘घाणेरडेपणाचा’ रोग नाही

गजकर्ण झालेल्या मुलीला सासरी ऐकवले जाते, “तुमच्या घरीच घाण.” ज्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या अस्वच्छ म्हणून दूर ठेवले, त्याने तरी हा शब्द आपल्या लेकीसुनांवर वापरू नये. बुरशी जात पाहत नाही, घराणे पाहत नाही. ती पाहते ओल, घाम आणि दाटी. एका खोलीत सात माणसे, दोन टॉवेल, दोन दिवसांआड येणारे नळाचे पाणी आणि वाळायला जागा नसलेले कपडे असतील तर गजकर्ण घरभर फिरणारच. म्हणून पाणी, उजेड आणि हवेशीर घर यांची मागणी नगरपालिकेकडे आणि ग्रामपंचायतीकडे करणे हेही आरोग्याचेच काम आहे.

घराघरांत काय करावे?

१. गजकर्ण झाले तर घरातल्या सगळ्यांचे अंग एकदा पाहून घ्यावे. ज्यांना आहे त्या सर्वांचा उपचार एकाच वेळी व्हावा, नाहीतर एकाचे दुसऱ्याला फिरत राहते. गोऱ्ह्या-वासरांच्या अंगावर केस गेलेले गोल चट्टे असतील तर तेही दाखवावेत.

२. टॉवेल, चड्डी, कंगवा वेगवेगळे ठेवावेत. कपडे उन्हात, आतली बाजू वर करून वाळवावेत. ऊन नसेल तर इस्त्री फिरवावी. ओले कपडे घालून झोपू नये.

३. वावरातून आल्यावर पाय धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या फडक्याने टिपाव्यात. मधुमेह असेल तर हे रोज, न चुकता. चिखल्यांच्या भेगेतून जिवाणू आत गेले की पाय सुजतो, आणि मधुमेह्याचा पाय लवकर धोक्यात येतो.

४. डॉक्टरने दिलेले बुरशीचे औषध चट्टा दिसेनासा झाला तरी सांगितलेल्या मुदतीपर्यंत घ्यावे. कातडीचा कोंडा खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची तपासणी सोपी असते. रोग हट्टी असेल तर ती करा, असे आपण होऊन विचारावे.

५. दम्यासाठी, सांधेवातासाठी किंवा इतर आजारासाठी डॉक्टरने स्टेरॉइड दिले असेल तर हा लेख वाचून ते एकदम बंद करू नये. अचानक बंद करणे जिवावर बेतू शकते. कमी करायचे तर डॉक्टरच्या सल्ल्यानेच.

६. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाने वर्षातून एकदा साखर तपासावी. बाबासाहेबांनाही मधुमेहाने किती छळले, हे आपण सारे जाणतो. उपकेंद्रात, प्राथमिक आरोग्य केंद्रात ही तपासणी होते.

७. मधुमेह असलेल्याचा किंवा स्टेरॉइड चालू असलेल्याचा एका बाजूचा गाल दुखला, चेहरा बधिर झाला, नाकातून काळपट किंवा रक्ताळ पाणी आले, डोळा सुजला, दोन-दोन दिसू लागले, टाळूवर काळा डाग आला, दात अचानक हलू लागले, तर त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठावे. वर्ध्याचे जिल्हा सामान्य रुग्णालय, सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय, सावंगी मेघेचे आचार्य विनोबा भावे रुग्णालय आपल्या जवळ आहेत. “उद्या पाहू” म्हणण्याचा हा आजार नाही.

८. प्रतिकारशक्ती वाढवणाऱ्या महागड्या डब्यांवर पैसा घालू नये. डाळ, अंडी, शेंगदाणे, पालेभाजी, पुरेशी झोप आणि ताब्यात असलेली साखर यांवर शरीराचा पहारा चालतो.

विहारात वाचनासाठी लोक रोज एकत्र येतातच. त्यातली एक सायंकाळ आरोग्यासाठी काढावी, ही आमची विनंती. आशाताईंना आणि उपकेंद्राच्या नर्सला साखर मोजण्याचे यंत्र घेऊन बोलवा. प्रत्येकीने घरातल्या ट्यूब घेऊन याव्यात, मुलींनी त्यांवरची नावे मोठ्याने वाचावीत आणि स्टेरॉइडच्या ट्यूब वेगळ्या काढून पुढच्या तपासणीत डॉक्टरांना दाखवाव्यात. तासाभराचे काम आहे. तेवढ्यात कुणाचे दोन वर्षांचे गजकर्ण मार्गी लागेल आणि कुणाचा न कळलेला मधुमेह वेळेत कळेल.

जय भीम!